ग्राउलविना तेरा वर्षं : ओपेथ आणि त्याच्या श्रोत्यांचा वाद

२०११ च्या शरद ऋतूत स्वीडनचा 'ओपेथ' हा बँड नवा अल्बम घेऊन दौऱ्यावर निघाला. कार्यक्रमाची सुरुवात त्या नव्या 'हेरिटेज'मधल्या 'द डेव्हिल्स ऑर्चर्ड'ने व्हायची. पुढे 'फेस ऑफ मेलिंडा', 'क्रीडन्स', 'क्लोजर', 'अ फेअर जजमेंट' अशी जुनी, लोकांच्या आवडीची गाणीही यायची. वादक तयारीचे होते, आवाज सुरेल होता. तरीही कार्यक्रम निम्म्यावर येईपर्यंत समोरच्या गर्दीला एक गोष्ट कळून चुकायची. गाण्यांची निवड एकाच कसोटीवर झाली होती : ज्यात गायक मिकाएल ओकरफेल्टचा ग्राउल आहे, असं एकही गाणं यादीत नव्हतं.

ग्राउल म्हणजे डेथ मेटलमधला तो खोल, घशाच्या तळातून काढलेला, गुरगुरता आवाज. त्यात शब्द जवळजवळ विरघळून जातात आणि गळा हेच एक तालवाद्य होतं. ओकरफेल्टचा ग्राउल या प्रकारातला सर्वोत्तम आवाजांपैकी एक मानला जात होता. मेटलच्या कार्यक्रमाला काळा टी-शर्ट घालून आलेल्या तरुणांपैकी अनेक जण तो आवाज ऐकायलाच आले होते. गाण्यांच्या मधल्या शांततेत जुन्या गाण्यांच्या फर्माइशी ओरडून केल्या जात. त्या पुऱ्या झाल्या नाहीत. कार्यक्रम संपल्यावर लोक बाहेर पडत ते वाद घालत, आणि तो वाद पुढे तेरा वर्षं चालला.

मेटल न ऐकणाऱ्याला हा प्रकार क्षुल्लक वाटेल. गायकाने एक लकब सोडली, एवढंच ना? पण या वादात कलाकार आणि श्रोता यांच्या नात्याचे जवळजवळ सगळे मूळ प्रश्न येऊन गेले आहेत. कलाकाराने बदलावं की नाही, बदलला तर जुन्या श्रोत्याचं त्याच्यावर काही देणं उरतं का, आणि जुन्याकडे वळणं याला पुढे जाणं म्हणता येतं का? त्यांची उत्तरं शोधायची तर आधी ओपेथ कुठून आला ते पाहायला हवं.

डेथ मेटलच्या गावात

१९९० च्या आसपास स्टॉकहोम हे डेथ मेटलचं मोठं केंद्र होतं. 'एन्टूम्ब्ड' या तिथल्याच बँडचा 'लेफ्ट हँड पाथ' हा अल्बम १९९० मध्येच आला. सनलाइट नावाच्या स्टुडिओत, टोमास स्कोग्सबेरी या तंत्रज्ञाच्या हाताखाली त्या शहरातल्या अनेक बँडनी आपले पहिले अल्बम केले. 'बॉस एचएम-२' या स्वस्त पेडलची सगळी बटणं टोकापर्यंत फिरवून काढलेला गिटारचा तो करवतीसारखा आवाज पुढे स्टॉकहोमची ओळखच झाला.

ओपेथ याच वातावरणात जन्मला, आणि जन्मला तोही भांडणातून. डेव्हिड इस्बर्ग या गायकाने सोळा वर्षांच्या ओकरफेल्टला बेस गिटार वाजवायला बोलावलं, पण बँडमधल्या बाकीच्यांना त्याचा पत्ताच नव्हता. ओकरफेल्ट तालमीला हजर झाला आणि चिडलेले बाकीचे सगळे बँड सोडून गेले. उरले हे दोघे. बँडचं नाव आलं विल्बर स्मिथच्या 'द सनबर्ड' या कादंबरीतल्या एका प्राचीन नगरीवरून. १९९२ मध्ये इस्बर्गही गेला आणि गिटार, गाणं, लेखन अशी सगळी सूत्रं ओकरफेल्टकडे आली.

त्याच्याकडे शहरातल्या इतर डेथ मेटलवाल्यांपेक्षा वेगळी एक गोष्ट होती : रेकॉर्ड जमवण्याचा नाद. डेथ मेटलच्या 'मॉर्बिड एंजल'च्या जोडीला त्याच्या फळीवर 'कॅमल', 'किंग क्रिम्सन' आणि 'कोमस' असायचे. हे सत्तरच्या दशकातले ब्रिटिश प्रोग्रेसिव्ह रॉक आणि लोकसंगीताच्या वाटेने जाणारे बँड. लांबलचक गाणी, बदलते ठेके, बासरी, मेलोट्रॉन नावाचं जुनं की-बोर्ड, हे त्यांचं जग. ओपेथच्या तिसऱ्या अल्बमचं 'माय आर्म्स, युअर हर्स' हे नाव कोमसच्याच एका गाण्यातल्या शब्दांवरून घेतलं आहे. अल्बम १९९८ चा, म्हणजे 'हेरिटेज'च्या तेरा वर्षं आधीचा. पुढे ज्याला 'अचानक घेतलेलं वळण' म्हटलं गेलं, त्याची पाळंमुळं पहिल्यापासून अशी उघड्यावर होती.

पहिला अल्बम 'ऑर्किड' डॅन स्वानोच्या स्टुडिओत १९९४ मध्ये ध्वनिमुद्रित झाला आणि १९९५ मध्ये ब्रिटनच्या कँडललाइट कंपनीने काढला. दुसऱ्या 'मॉर्निंगराइज'मध्ये 'ब्लॅक रोझ इमॉर्टल' हे वीस मिनिटांहून लांब गाणं होतं. या सुरुवातीच्या अल्बममध्येच ओपेथचं व्याकरण ठरून गेलं. जड गिटार आणि ग्राउल चालू असताना सगळं एकदम थांबायचं, अकूस्टिक गिटारवर एखादी हळवी सुरावट उमटायची, आणि त्याच गळ्यातून स्वच्छ, मऊ आवाजातलं गाणं सुरू व्हायचं.

दोन आवाजांचा एक गळा

हे व्याकरण परिपूर्ण झालं ते २००१ च्या 'ब्लॅकवॉटर पार्क'मध्ये. गॉथेनबर्गच्या स्टुडिओ फ्रेडमनमध्ये ध्वनिमुद्रण झालं आणि निर्मितीला 'पॉर्क्युपाइन ट्री'चा स्टीव्हन विल्सन आला. इंग्लंडचा हा संगीतकार मेटलच्या जगातला नव्हता. त्याने ओकरफेल्टच्या स्वच्छ आवाजाचे थर रचले, काही ठिकाणी स्वतः गायला, पियानो वाजवला. त्या अल्बमने ओपेथला स्वीडनबाहेरच्या जगात नेलं. दोघांची घट्ट मैत्री झाली, आणि पुढच्या सगळ्या घडामोडींत या मैत्रीचा मोठा वाटा आहे.

ओपेथच्या श्रोत्याचा कान कसा तयार झाला, हे २००५ च्या 'घोस्ट रेव्हरीज'मधल्या 'घोस्ट ऑफ पर्डिशन' या एका गाण्यावरून कळतं. पहिले काही क्षण गिटारवरचे दोन-चार हलके स्वर ऐकू येतात, इतके हलके की माणूस आवाज वाढवायला हात पुढे करतो. आणि त्याच क्षणी ड्रम, दोन गिटार आणि ग्राउल एकत्र कोसळतात. गाणं दहा मिनिटांहून लांब आहे. मधे ते पूर्ण निवळतं, एका लोकगीतासारखं वाहतं, पुन्हा चढतं. स्वच्छ आवाजातल्या ओळी कानाला इतक्या कोवळ्या लागतात त्या आधीच्या गुरगुराटामुळे, आणि ग्राउल इतका भयंकर वाटतो तो आधीच्या कोवळेपणामुळे. एक बाजू काढली की दुसरीचा अर्थ बदलतो. दहा-पंधरा वर्षं ज्यांनी हे ऐकलं, त्यांचा कान या चढउताराची वाट पाहायला शिकला होता. ही सवय त्यांना खुद्द ओपेथनेच लावली होती. म्हणून 'हेरिटेज'वर नाराज झालेल्यांना 'यांना फक्त आरडाओरडा हवा असतो' असं म्हणून उडवून लावणं हा त्यांच्यावर अन्याय होता. त्यांना हवा होता तो विरोधाभास, आणि तोच त्यांच्या हातून गेला होता.

आधीच्या ठिणग्या

वाद २०११ मध्ये पेटला, पण ठिणग्या आधीपासून पडत होत्या. २००२ आणि २००३ मध्ये ओपेथने एकाच वेळी बनवलेले दोन अल्बम पाठोपाठ काढले. 'डिलिव्हरन्स' हा त्यांच्या सर्वांत जड अल्बमपैकी एक. 'डॅम्नेशन'मध्ये मात्र एकही ग्राउल नाही. सगळा अल्बम मंद, उदास, मेलोट्रॉनच्या धुक्यात बुडालेला. या कामाच्या दिवसांतच ओकरफेल्टची आजी मोटार अपघातात गेली, आणि दोन्ही अल्बम त्याने तिला अर्पण केले.

'डॅम्नेशन'वर भांडण झालं नाही, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. ग्राउल तिथेही नव्हता. पण तो अल्बम एका जोडीतला होता. ज्याला जड हवं त्याच्यासाठी 'डिलिव्हरन्स' शेजारीच उभा होता. लंडनच्या शेपर्ड्स बुश एम्पायर इथल्या २००३ च्या कार्यक्रमात आधी 'डॅम्नेशन' आणि मग जड गाणी अशीच मांडणी होती. श्रोत्यांनी बदल स्वीकारला, कारण त्यांच्या लेखी काही हिरावलं गेलेलं नव्हतं.

२००५ मध्ये ओपेथने रोडरनर कंपनीशी करार केला. 'स्लिपनॉट', 'निकलबॅक' अशी मोठ्या खपाची नावं ज्या कंपनीकडे होती तिच्याकडे जाणं म्हणजे विकलं जाणं, असा ओरडा झाला. ओकरफेल्टला हा आरोप अपमानास्पद वाटला आणि त्याने तसं उघड बोलून दाखवलं. दहा-दहा मिनिटांची गाणी करत इतकी वर्षं काढलेल्या बँडवर असा संशय घ्यावा, याचं त्याला दुःख होतं. अल्बम आला तेव्हा संशय आपोआप विरला, पण नवं काही घडलं की आधी इमान तपासायचं ही सवय मागे राहिली.

दरम्यान बँडची माणसंही बदलत होती. ड्रमर मार्टिन लोपेझ प्रकृतीच्या कारणाने २००६ मध्ये गेला. ओकरफेल्टबरोबर पंधराएक वर्षं दुसरी गिटार सांभाळणारा पीटर लिंडग्रेन २००७ मध्ये गेला. मार्टिन अ‍ॅक्सेनरॉट आणि फ्रेडरिक ओकेसन आले. २००८ च्या 'वॉटरशेड'मध्ये ग्राउल होता, पण जागोजागी वेगळ्या वाटा डोकावत होत्या. 'बर्डन' हे त्यातलं संथ गाणं सत्तरच्या दशकातल्या रॉकची आठवण करून देणारं. त्याच्या शेवटी एकटी अकूस्टिक गिटार वाजत राहते आणि वाजत असतानाच तिच्या खुंट्या सैल केल्या जातात. सूर एकेक करून घसरत जातात, सुरावट ओळखू येईनाशी होते. तेव्हा ते एक गमतीदार टोक वाटलं. पुढच्या अल्बमनंतर ते पुन्हा ऐकताना मात्र एक घडी मोडली जात असल्याचं जाणवतं.

'हेरिटेज' कसा घडला

'वॉटरशेड'नंतर ओकरफेल्टने नव्या अल्बमसाठी दोन गाणी जुन्याच वळणाने लिहिली. ती बेसिस्ट मार्टिन मेंडेझला ऐकवली. मेंडेझ त्याला स्पष्ट म्हणाला की हाच धागा पुढे ओढला तर आपली निराशा होईल. ओकरफेल्टला जणू सुटकाच मिळाली. त्याने ती गाणी टाकून दिली आणि पाटी कोरी करून बसला. ज्या निर्णयावर जगभर इतकी वर्षं भांडणं झाली, त्याची सुरुवात अशी बँडच्या आतल्या एका प्रामाणिक बोलण्यातून झाली. हाच मेंडेझ पुढे 'व्हाइट स्टोन्स' हा स्वतःचा डेथ मेटल बँड काढणार होता. म्हणजे त्याला डेथ मेटलचा कंटाळा आला होता असं नाही. त्याला नको होती ती पुनरावृत्ती.

२०११ च्या सुरुवातीला स्टॉकहोमच्या अटलांटिस स्टुडिओत काम सुरू झालं. ही तीच जुनी वास्तू, जिथे मेट्रोनोम स्टुडिओ असताना अ‍ॅबाने 'वॉटरलू' गायलं होतं. अल्बमची सुरुवात निव्वळ पियानोने होते. स्वीडिश लोकगीतं जॅझच्या अंगाने वाजवणाऱ्या यान योहानसन या पियानोवादकाची ही छाया. तो पियानो योआकिम स्वालबर्गने वाजवला, जो पुढे बँडचा की-बोर्ड वादक झाला. 'स्लिदर' हे गाणं आदल्या वर्षी वारलेल्या रॉनी जेम्स डिओ या मेटल गायकाला वाहिलेलं. 'फॅमिन'मध्ये 'वेदर रिपोर्ट'मधून नाव कमावलेल्या अलेक्स अकुन्याचं तालवाद्य आणि ब्यॉर्न यासन लिंडची बासरी. गिटारचा आवाज सौम्य ठेवलेला, ड्रममध्ये मेटलचा तो दणदणाट नाही, खोलीतली हवा ऐकू यावी असा मोकळेपणा. मिक्सिंग पुन्हा स्टीव्हन विल्सनचं. त्याचा स्वतःचा 'ग्रेस फॉर ड्राउनिंग'ही त्याच महिन्यात आला, आणि पुढच्या वर्षी दोघांनी मिळून 'स्टॉर्म कोरोजन' काढला. हे तिन्ही अल्बम एकाच मनःस्थितीची तीन रूपं आहेत. 'हेरिटेज' सुटा ऐकणाऱ्यांपैकी अनेकांच्या हातून हा संदर्भ निसटला.

ट्रॅव्हिस स्मिथने केलेलं मुखपृष्ठ तर जणू एक जाहीरनामाच आहे. मधोमध एक झाड, आणि त्याला फळं म्हणून बँडच्या सदस्यांची डोकी. त्यातलं एक डोकं झाडावरून खाली पडतंय. ते पेर वीबर्गचं, अल्बम पुरा करून बँड सोडलेल्या की-बोर्ड वादकाचं. मागे एक शहर जळतंय, लोकांची रांग झाडाकडे येते आहे. आणि झाडाची मुळं जमिनीखाली थेट नरकापर्यंत गेली आहेत. ओकरफेल्टच्या सांगण्यानुसार ती मुळं म्हणजे बँडचा डेथ मेटलमधला भूतकाळ. चित्रात मुळं तोडलेली नाहीत, झाड त्यांच्यावरच उभं आहे. नाराज श्रोत्यांनी हे चित्र एकदा नीट न्याहाळलं असतं तर 'बापाचं घर सोडून गेला' या आरोपाची धार थोडी कमी झाली असती.

वाद काय होता

सप्टेंबरमध्ये अल्बम बाजारात आला. अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत तो १९ व्या क्रमांकावर पोचला, 'वॉटरशेड'च्या २३ व्या क्रमांकापेक्षाही वर. म्हणजे लोकांनी तो विकत घेतला. घेतला, ऐकला आणि मग भांडले.

पहिला गट म्हणत होता की हा विश्वासघात आहे. ग्राउल हा ओपेथचा प्राण, तो काढला की उरतो तो दुसराच बँड. नाव तेच का ठेवलं? हा आरोप भावनेचा होता, आणि त्याला इतिहासाचा आधारही होता. नव्वदच्या दशकातले कितीतरी बँड या वाटेने गेले होते. 'अनाथेमा' गेला, 'पॅराडाइज लॉस्ट' गेला. 'कॅटाटोनिया'ची कथा तर ओपेथशीच जोडलेली. त्यांच्या गायकाला ग्राउल झेपेनासा झाला तेव्हा १९९६ च्या 'ब्रेव्ह मर्डर डे'मधला ग्राउल ओकरफेल्टने दिला होता. दोनच वर्षांनी कॅटाटोनियाने तो आवाज सोडला. २०११ मध्ये हेच दोन बँड अमेरिकेत एका दौऱ्यावर होते, आणि आता दोघांच्याही कार्यक्रमात ग्राउल नव्हता. आपल्या तारुण्याचा आवाज एकेका बँडमधून मावळत चालल्याचं ज्यांना दिसत होतं, त्यांचं दुःख समजून घेण्यासारखं आहे.

दुसरा गट बँडच्या बाजूने उभा राहिला. कलाकार मोकळा असतो, ओपेथ कधीच एका जागी थांबला नाही, ज्याला जुनं हवं त्याच्यापाशी नऊ अल्बम आहेत. असा अल्बम करण्याची तयारी आपण एकोणीस वर्षांचे होतो तेव्हापासून करत आलो, असं खुद्द ओकरफेल्ट सांगत होता. हे सगळं खरं. पण या गटातल्या काहींनी नाराजांना अडाणी ठरवलं, आणि तिथे ते चुकले. ज्या श्रोत्याला 'ब्लॅकवॉटर पार्क'च्या शीर्षकगीताची बारा मिनिटं कंटाळा न येता ऐकता येतात, तो अडाणी कसा असेल?

सर्वांत वजनदार आक्षेप होता तो तिसऱ्या, संख्येने लहान गटाचा. त्यांचं म्हणणं असं की ग्राउल सोडला याचं आम्हाला काही नाही, पण पुढे जायचं सोडून ओपेथ मागे गेला आहे. डेथ मेटल आणि प्रोग्रेसिव्ह रॉक यांचा जो मेळ त्याने घातला होता, तसा आधी कुणी घातला नव्हता. उलट मेलोट्रॉन, बासरी आणि सत्तरच्या दशकातला ड्रमचा आवाज यांचं काम चाळीस वर्षांपूर्वी होऊन गेलं आहे. त्या काळाची उत्तम नक्कल केली तरी ती नक्कलच.

मला हा आक्षेप आजही अर्धा पटतो. 'हेरिटेज' ऐकताना अनेकदा असं वाटतं की सुंदर तुकडे शेजारी शेजारी ठेवले आहेत, पण त्यांना बांधणारा ताण सापडलेला नाही. 'फॅमिन'मध्ये तालवाद्य, पियानो, जड रिफ आणि बासरी एकामागून एक येतात, आणि प्रत्येक सांध्यावर गाणं थबकतं. पूर्वी हे सांधे ग्राउल जोडून घ्यायचा. त्याने निर्माण केलेलं भय ओसरेपर्यंत पुढची शांतता आपोआप अर्थपूर्ण व्हायची. तो आधार काढून घेतल्यावर रचनेला दुसरा कणा हवा होता, आणि तो 'हेरिटेज'मध्ये सगळीकडे तयार झालेला नव्हता. जिथे झाला आहे, उदाहरणार्थ 'फोकलोर'च्या शेवटच्या चढणीत, तिथे हा अल्बम कुणाचीच नक्कल वाटत नाही.

मात्र आक्षेपाचा उरलेला अर्धा भाग टिकत नाही. ओपेथच्या दृष्टीने मागे राहण्याची वाट कुठली होती? डेथ मेटल आणि हळवेपणा यांचा मेळ १९९५ मध्ये धाडसाचा होता. २०११ पर्यंत ती वहिवाट झाली होती. खुद्द ओपेथचं अनुकरण करणारे बँड जगभर उभे राहिले होते. अशा वेळी आपलीच नक्कल करत राहणं हा सर्वांत सुरक्षित आणि सर्वांत निरर्थक मार्ग होता.

आपल्याकडे

भारतात ओपेथचे चाहते पुष्कळ. अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या वसतिगृहांत, एका पेन ड्राइव्हवरून दुसऱ्यावर जात, 'ब्लॅकवॉटर पार्क' आणि 'डॅम्नेशन' एका पिढीच्या कानात उतरले. २००९ मध्ये ओपेथ चेन्नईला आयआयटी मद्रासच्या 'सारंग' महोत्सवात वाजवून गेला. त्याच वर्षाच्या अखेरीस विल्सनचा पॉर्क्युपाइन ट्री मुंबईला आयआयटीच्या 'मूड इंडिगो'त आला. इथल्या श्रोत्याला हे दोन बँड जवळपास जोडीनेच भेटले. म्हणून 'हेरिटेज'वरचा वाद पुण्या-मुंबईतही तितक्याच जोराने झाला. ज्याने आधी पॉर्क्युपाइन ट्री ऐकला होता त्याला नवा ओपेथ सहज पचला, आणि जो 'डिलिव्हरन्स'च्या दाराने आत आला होता त्याला तो परका वाटला. एकाच खोलीत राहणारे दोघे मित्र यावरून दोन बाजूंना जात. २०१९ मध्ये ओपेथ पुण्यात 'एनएच७ वीकेंडर'ला आला, तोवर या वादाला आठ वर्षं झाली होती आणि त्यातला कडवटपणा बराच ओसरला होता.

निवळत गेलेली वर्षं

ओसरण्याची कारणं होती. पहिलं म्हणजे ग्राउल कार्यक्रमांतून कायमचा गेला नाही. पहिल्या दौऱ्यातली ती कठोर यादी पुढे सैल झाली आणि जुनी जड गाणी मंचावर परतली. ओकरफेल्टने २०१२ मध्ये 'ब्लडबाथ' हा आपला दुसरा, निव्वळ डेथ मेटलचा बँड सोडला, पण ओपेथच्या जुन्या गाण्यांतला तो आवाज तो देत राहिला. वाद उरला तो नव्या अल्बमपुरता.

दुसरं कारण नवे अल्बम. वेल्समधल्या रॉकफील्ड स्टुडिओत केलेला २०१४ चा 'पेल कम्युनियन' हे तिसऱ्या गटाच्या आक्षेपाला दिलेलं खरं उत्तर. 'गॉब्लिन' या इटालियन बँडला मानवंदना देणारी त्याच नावाची एक धून त्यात आहे, म्हणजे मागे पाहणं थांबलेलं नाही. पण गाण्यांना कणा सापडला आहे. बहुपदरी गायन आणि तंतुवाद्यांचा मेळ हे सांधे जोडण्याचं काम करतात. २०१६ चा 'सॉर्सरेस' पुन्हा जड झाला. २०१९ चा 'इन कॉडा व्हेनेनम' ओकरफेल्टने आधी स्वीडिशमध्ये लिहिला आणि इंग्रजी आवृत्ती सोबत दिली. आपल्या भाषेत गाताना त्याचा स्वच्छ आवाज जितका मोकळा झाला तितका आधी कधी ऐकला नव्हता.

२०२२ मध्ये बँडने एक सुंदर गोष्ट केली. तीस वर्षांच्या वाटचालीनिमित्त काढलेल्या दौऱ्यात प्रत्येक अल्बममधलं एकेक गाणं निवडण्याचा अधिकार श्रोत्यांच्या मतांवर सोपवला. २०११ मध्ये गर्दीतून ओरडून केलेल्या फर्माइशी ऐकल्या गेल्या नव्हत्या. आता त्याच श्रोत्यांसमोर मतपत्रिका ठेवली गेली, आणि त्यांना ग्राउलच्या अल्बमसोबत 'हेरिटेज'मधूनही एक गाणं निवडावं लागलं. सगळा इतिहास एका मैफलीत सलग ऐकल्यावर तुटलेपणापेक्षा सलगताच अधिक जाणवली असणार.

आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये 'द लास्ट विल अँड टेस्टमेंट' आला. अल्बममध्ये एक कथा आहे. पहिल्या महायुद्धानंतरच्या काळातल्या एका श्रीमंत घराण्याचा प्रमुख वारला आहे आणि त्याचं मृत्युपत्र वाचलं जातंय. शेवटचं सोडून बाकी गाण्यांना नावंच नाहीत. कायद्याच्या कागदासारखे फक्त परिच्छेदांचे क्रमांक आहेत. वाचन पुढे सरकतं तशी घराण्याची गुपितं उघडी पडतात. कोण कुणाचं मूल, वारसा कुणाचा, हे सगळं उलटंपालटं होतं. 'जेथ्रो टल'चा इयन अँडरसन निवेदन करतो आणि बासरी वाजवतो, म्हणजे सत्तरचं दशक स्वतः हजर आहे. ड्रमवर वाल्टेरी वायरिनेन हा नवा, तरुण वादक आहे. आणि त्या मेलेल्या बापाचा आवाज म्हणून, 'वॉटरशेड'नंतर सोळा वर्षांनी, स्टुडिओत पुन्हा ग्राउल उमटतो.

ग्राउल परतला याचा आनंद जुन्या श्रोत्यांना झालाच. पण तो कसा परतला हे अधिक महत्त्वाचं. एकेकाळी तो ओपेथच्या गाण्यात असायचाच, म्हणून असायचा. आता तो एका पात्राचा आवाज आहे. थडग्यातूनही मुलांवर सत्ता गाजवू पाहणाऱ्या माणसाच्या तोंडी तो शोभतो, आणि त्याचा अंमल संपतो तिथे ग्राउलही थांबतो. शेवटचं, नाव असलेलं गाणं स्वच्छ आवाजात आहे. तेरा वर्षं स्वच्छ गाऊन, तंतुवाद्यांनी सांधे जोडायला शिकून, स्वीडिशमध्ये लिहून ओकरफेल्टने जे कमावलं, ते सगळं या अल्बमच्या बांधणीत आहे. 'हेरिटेज' न करता हा अल्बम झाला नसता, असं मी ठामपणे म्हणेन.

या इतिहासातून माझ्या मनात एक गोष्ट पक्की झाली आहे. श्रोत्याचा हक्क कलाकाराच्या पुढच्या कामावर नसतो, पण त्याच्या कामाकडून उत्कटतेची अपेक्षा करण्याचा हक्क त्याला जरूर असतो. २०११ मध्ये नाराज झालेल्यांनी ओपेथला सोडून दिलं असतं, गप्प बसले असते, तर ते बँडच्या दृष्टीने जास्त वाईट झालं असतं. ते भांडले, कारण त्यांनी ऐकणं थांबवलं नव्हतं. आणि ओकरफेल्टने फर्माइशीखातर २०१३ किंवा २०१५ मध्ये ग्राउल परत आणला असता, तर तो मनापासून आलेला नसता, आणि इतकी वर्षं कान देऊन ऐकणाऱ्यांना तो खोटेपणा पहिल्या गाण्यातच कळला असता. श्रोत्यांनी हट्ट सोडला नाही, कलाकाराने आपली वाट सोडली नाही, आणि दोघांच्या या हटवादीपणातूनच दोघांच्याही पदरात असा एक अल्बम पडला, जो कुणाही एकाच्या मनासारखं झालं असतं तर मिळालाच नसता.